सुपरहिरो चित्रपटांतील गुंतागुंतीच्या खलनायकाचा अर्थ कसा लावावा

२०१८ च्या फेब्रुवारीत ‘ब्लॅक पँथर’ आणि एप्रिलमध्ये ‘अ‍ॅव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर’ प्रदर्शित झाला आणि सुपरहिरो चित्रपटांच्या चाहत्यांमध्ये जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही. पहिल्यातील खलनायकाविषयी ‘किलमाँगरचेच बरोबर होते’ असे काही जण ठामपणे म्हणू लागले. दुसऱ्यातील, विश्वातील अर्धे जीव संपवू पाहणाऱ्या खलनायकाविषयी ‘थॅनोसचे काय चुकले?’ हा प्रश्न कुणी गमतीने, तर कुणी अगदी मनापासून विचारू लागले. खुन्याची बाजू घेणाऱ्यांशी बोलण्यात अर्थ नाही, असे उत्तर दुसरीकडून येऊ लागले. या वादातील बरेचसे बोलणे वाया जाते, कारण खलनायकाच्या दुःखाबद्दल बोलायचे आहे, हेतूबद्दल की कृत्याबद्दल, हे ठरण्यापूर्वीच निकाल लागलेला असतो. ज्यांना असे एखादे पात्र आवडते, पण ते का आवडते आणि त्या आवडीची मर्यादा कुठे येते हे नीट तपासून पाहायचे आहे, त्यांच्यासाठी पुढील पद्धत मांडली आहे. माझे मत आधीच सांगणे बरे: खलनायकावरील अन्याय मान्य करणे आणि त्याच्या कृत्यांना माफी देणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि तो आपल्या ध्येयाची किंमत कुणाला मोजायला लावतो हे पाहिल्याशिवाय त्याच्याविषयीचे कोणतेही मत पक्के करू नये.

तक्रार, ध्येय आणि मार्ग

चित्रपट पाहून झाल्यावर खलनायकाविषयी तीन वाक्ये लिहून काढावीत. त्याच्यावर किंवा त्याच्या माणसांवर कोणता अन्याय झाला, हे पहिल्या वाक्यात यावे. शेवटी त्याला काय घडवून आणायचे आहे, हे दुसऱ्यात. आणि त्यासाठी तो पडद्यावर प्रत्यक्षात काय करतो, हे तिसऱ्यात. लिहिताना ‘क्रूर’, ‘बिचारा’, ‘महान’ अशी विशेषणे कटाक्षाने टाळावीत, कारण विशेषण आले की निकाल आलाच.

किलमाँगरच्या, म्हणजे एरिक स्टीव्हन्सच्या, बाबतीत पहिले वाक्य असे होईल: १९९२ साली कॅलिफोर्नियातील ओकलंडमध्ये वकांडा या जगापासून अलिप्त राहिलेल्या, प्रगत, काल्पनिक आफ्रिकी देशाचा राजा टचाका याने स्वतःच्या भावाला, म्हणजे एरिकच्या वडिलांना, ठार केले आणि लहानग्या एरिकला तिथेच सोडून तो निघून गेला. दुसरे वाक्य: जगभरातील पीडित कृष्णवर्णीयांच्या हाती वकांडाची प्रगत शस्त्रे देऊन सत्ताधाऱ्यांची सत्ता उलथवून टाकायची. तिसरे वाक्य सर्वांत लांब होते. राजपदासाठीचे द्वंद्व जिंकून तो गादी मिळवतो, राजाला शक्ती देणाऱ्या हृदयाकृती वनस्पतीची बाग जाळून टाकतो, म्हणजे त्याच्यानंतर कुणी राजाच होऊ नये अशी तजवीज करतो, आणि मग परदेशांत पेरलेल्या हेरांमार्फत शस्त्रे पाठवण्याची आज्ञा देतो.

ही वाक्ये शेजारी शेजारी ठेवली की पहिल्याबद्दल वाद उरत नाही, कारण चित्रपटच ते मान्य करतो: नायक टचाला पूर्वजांच्या लोकात आपल्या वडिलांसमोर, म्हणजे टचाकासमोर, आणि इतर राजांसमोर उभा राहून तुम्ही सगळे चुकलात असे सांगतो. किलमाँगरला निव्वळ खुनी ठरवणाऱ्या प्रेक्षकाला या प्रसंगाचे उत्तर द्यावे लागेल. दुसऱ्या वाक्यात मात्र एक तडा आहे, आणि तो किलमाँगरला मुक्तिदाता ठरवणाऱ्यांच्या नजरेतून बहुधा सुटतो. गादीवर बसल्यावर तो म्हणतो की वकांडाच्या साम्राज्यावरील सूर्य कधीही मावळणार नाही. हे वाक्य कोणत्या साम्राज्याने स्वतःविषयी मिरवले होते हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या ध्येयात मुक्ती आणि साम्राज्य अशा दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात, आणि लेखकांनी ते वाक्य त्याच्या तोंडी घातले तेव्हा ती सरमिसळ आपल्याला दिसावी असाच त्यांचा उद्देश असणार. तिसऱ्या वाक्याचा उगमही चित्रपटात सांगितला आहे: सत्तांतराच्या नाजूक क्षणी घाव घालून एखादा देश खिळखिळा कसा करावा, याचे प्रशिक्षण त्याला अमेरिकी लष्करी सेवेत मिळाले, असे सीआयएचा अधिकारी रॉस स्पष्टपणे सांगतो. ज्या सत्तांविरुद्ध तो उभा राहतो, त्यांच्याचकडून तो लढायला शिकलेला आहे. शिवाय द्वंद्वाचा नियम त्याला गादी मिळेपर्यंत मान्य असतो. टचाला जिवंत परततो आणि आपण हार मानलेली नाही असे म्हणतो, तेव्हा तोच नियम तो झुगारून देतो.

मराठी वाचकाला ही कसरत नवी नाही. कर्णाच्या वाट्याला आलेले अपमान आपण हळहळत वाचतो आणि द्यूतसभेत द्रौपदीविषयी त्याने काढलेले उद्गारही विसरत नाही. एकाने दुसरे पुसले जात नाही. चित्रपटातील खलनायकाला तेवढीच दुहेरी दृष्टी द्यायला हवी.

किंमत कोण मोजतो

खलनायकाच्या भाषणातील तत्त्व कितीही उदात्त असले तरी त्याच्या योजनेत कुणाचा जीव जाणार आहे आणि त्या माणसाला कुणी विचारले आहे का, हे दोन प्रश्न विचारावेत. माझ्या मते संपूर्ण पद्धतीत याहून उपयुक्त साधन दुसरे नाही.

२००० सालच्या ‘एक्स-मेन’मध्ये हे साधन पटकथेनेच हातात दिले आहे. खलनायक मॅग्नेटोला जगातील नेत्यांना यंत्राच्या साहाय्याने म्यूटंट, म्हणजे त्याच्यासारखे विलक्षण शक्ती असलेले लोक, बनवायचे असते, म्हणजे म्यूटंटांचा छळ करण्याचे कारणच उरणार नाही. पण ते यंत्र चालवणाऱ्याचा जीव घेणारे आहे, म्हणून तो आपली शक्ती रोग नावाच्या किशोरवयीन मुलीत उतरवून तिला यंत्रात बसवतो. तुझे ध्येय एवढे पवित्र असते तर त्या यंत्रात तू स्वतः असतास, असे नायकांपैकी एक असलेला वुल्व्हरिन त्याला सुनावतो. ती मुलगीही म्यूटंटच आहे. ज्या जमातीला वाचवायचे, तिच्याच एका लेकराचा बळी तो देतो. या चित्रपटाची सुरुवात १९४४ सालच्या पोलंडमधील नाझी छळछावणीच्या दारात, आईवडिलांपासून ओढून वेगळ्या केलेल्या लहान मॅग्नेटोपासून होते, हे लक्षात ठेवले तर एका मुलाचे हाल ज्या चित्रपटाच्या आरंभी आहेत त्याच्या शेवटी तोच मुलगा मोठा होऊन एका मुलीचे तसेच हाल करतो, हा आलेख स्पष्ट दिसतो. २०११ च्या ‘एक्स-मेन : फर्स्ट क्लास’मध्ये हीच गोष्ट अधिक धारदार होते. आईचा खून करणाऱ्या शॉला मारण्यापूर्वी मॅग्नेटो त्याला सांगतो की तुझे सगळे विचार मला पटतात, पण तू माझ्या आईला मारलेस. छळणाऱ्यावरचा सूड पूर्ण होतो आणि त्याचा वारसाही त्याच क्षणी स्वीकारला जातो. मॅग्नेटोचा कुठलाही अर्थ लावताना हा प्रसंग वगळला तर तो अर्थ अपुरा राहील.

थॅनोसची गोष्ट अधिक फसवी आहे, कारण तो समतेची भाषा बोलतो. विश्वातील अर्धे जीव नाहीसे करताना श्रीमंत-गरीब असा भेद होणार नाही, निवड निव्वळ योगायोगाने होईल, असे त्याचे म्हणणे. आधी त्याचे गणित तपासावे. २०१८ साली पृथ्वीची लोकसंख्या सुमारे ७६० कोटी होती. तिचा अर्धा आकडा, म्हणजे ३८० कोटी, जगाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच गाठला होता. एवढ्या भीषण संहाराने आपली पृथ्वी जेमतेम पन्नास वर्षे मागे जाते. वास्तवच बदलू शकणारे सहा मणी हाती असताना त्याने अन्नपाणी दुप्पट का केले नाही, हा चाहत्यांचा आवडता आक्षेप आहे आणि तो कथेतील चूक म्हणून मांडला जातो. मला तो पात्राचा गाभा वाटतो. टायटन या त्याच्या ग्रहावरील लोकांनी त्याचा हाच उपाय वेडेपणा म्हणून फेटाळला होता आणि पुढे तो ग्रह उजाड झाला. उपाय बदलला तर त्या जुन्या वादात तो हरतो. त्याला उपासमार मिटवण्यापेक्षा आपले म्हणणे खरे ठरवण्याची ओढ अधिक आहे. ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’ या पुढील चित्रपटात, २०१९ साली, याला पुष्टी मिळते: वाचलेले लोक गेलेल्यांना परत आणू पाहतात हे कळल्यावर भूतकाळातून आलेला थॅनोस संपूर्ण विश्व नष्ट करून नवे, कृतज्ञ विश्व घडवण्याचे ठरवतो. कृतज्ञतेची अपेक्षा आली तिथे साधनसंपत्तीचा प्रश्न संपला.

आणि किंमत? ‘इन्फिनिटी वॉर’मध्ये त्याची मानलेली मुलगी गमोरा लहानपणीच्या रूपात त्याला विचारते की यासाठी काय मोजावे लागले, आणि तो ‘सर्व काही’ असे उत्तर देतो. प्रसंग हेलावून टाकणारा आहे. पण एका मण्यासाठी कड्यावरून खाली फेकली गेली ती गमोरा. तिचा मृत्यू तो स्वतःच्या खर्चाच्या वहीत मांडतो, आणि अनेक चाहते ती नोंद जशीच्या तशी मान्य करतात.

याच कसोटीवर ‘कॅप्टन अमेरिका : सिव्हिल वॉर’मधील खलनायक झेमो वेगळा उतरतो. अ‍ॅव्हेंजर्सच्या लढाईत सोकोव्हिया या काल्पनिक देशात कुटुंब गमावलेला हा माणूस जगाच्या कल्याणाचा दावा करीत नाही. आपण सूड घेत आहोत हे त्याला पक्के ठाऊक असते. त्याने घेतलेले बळी त्यामुळे कमी होत नाहीत, परंतु त्याच्या बाबतीत तत्त्वज्ञान सोलून काढण्याचे काम प्रेक्षकाला करावे लागत नाही.

कॅमेरा कुणाबरोबर चालतो

चित्रपट अभ्यासक मरे स्मिथ यांनी १९९५ मध्ये एक भेद मांडला, तो इथे फार उपयोगी पडतो. प्रेक्षकाला एखाद्या पात्राबरोबर चालवणे, त्याच्या मनात डोकावू देणे ही एक गोष्ट. आणि त्या पात्राची नैतिक बाजू प्रेक्षकाने घेणे ही दुसरी. पहिली दिग्दर्शक घडवतो, दुसरी आपण आपल्या निर्णयाने करतो, निदान करायला हवी. बराच वेळ एखाद्याबरोबर चालल्यावर आपण त्याच्या बाजूचे आहोत असे वाटू लागते.

‘इन्फिनिटी वॉर’ची कथा थॅनोसच्या शोधाच्या क्रमाने पुढे सरकते, त्याच्या अश्रूंवर कॅमेरा रेंगाळतो, शेवटचे विश्रांतीचे दृश्य त्याच्या वाट्याला येते आणि नायक परत येणार अशी घोषणा जिथे असायची तिथे ‘थॅनोस परत येईल’ असे शब्द उमटतात. रचनेच्या दृष्टीने तो त्या चित्रपटाचा नायकच आहे. हे ओळखणे म्हणजे त्याला योग्य ठरवणे नव्हे. २०१९ च्या ‘जोकर’मध्ये तर ही खबरदारी अटळ होते. पुढे जोकर बनणाऱ्या आर्थरच्या नजरेने आपण सारे पाहत असतो, आणि शेजारणीशी असलेले त्याचे प्रेमसंबंध त्याच्या कल्पनेतले होते हे उशिरा उघड होते. ते कळल्यावर बाकी कोणते प्रसंग खरे मानायचे, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतः सोडवायचा असतो, आणि ‘समाजाने त्याला असे बनवले’ हा निष्कर्ष काढण्यापूर्वी त्याचा आधार असलेला प्रसंग केवळ आर्थरनेच पाहिलेला आहे का, हे तपासावे लागते.

एक साधा सराव सुचवावासा वाटतो. खलनायकाचे सर्वांत प्रभावी भाषण असलेला प्रसंग एकदा आवाज बंद करून पाहावा आणि एकदा चित्राकडे न पाहता केवळ ऐकावा. पहिल्या वेळी चेहरा, प्रकाश आणि क्लोज-अप किती काम करतात ते कळते. दुसऱ्या वेळी युक्तिवाद किती भक्कम आहे ते. ‘थॉर’ चित्रपटांतील लोकीच्या, म्हणजे थॉरच्या दत्तक भावाच्या, बाबतीत हा सराव विशेष बोधक ठरतो, कारण टॉम हिडलस्टनच्या अभिनयाची मोहिनी बाजूला केल्यावर दत्तकपणाची ती खरी वेदना शिल्लक राहते, पण तिच्या आधाराने केलेले राजपदाचे दावे बरेच पोकळ ऐकू येतात.

पात्राचे क्रौर्य आणि पटकथेची सोय

या टप्प्यावर जाणकार चाहते सर्वाधिक भांडतात, आणि भांडावे अशीच ही जागा आहे. अनेक सुपरहिरो चित्रपटांत खलनायक एखादा रास्त प्रश्न विचारतो. प्रेक्षक त्याच्याकडे झुकतो आहे असे दिसताच तो एखाद्या निरपराध माणसाला मारतो, आणि प्रेक्षक दचकून मागे सरतो. अशा वेळी विचारावे: हे क्रौर्य पात्रातून उगवले आहे, की त्याच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागू नये म्हणून बाहेरून चिकटवले आहे?

ठरवण्याचे दोन निकष आहेत. त्या कृत्याची तयारी आधीच्या प्रसंगांत झाली आहे का, आणि ते कृत्य काढून टाकले तर खलनायकाची योजना अडते का. किलमाँगर आपल्या साथीदार मैत्रिणीला, ती ओलीस धरली जाताच, गोळी घालतो. प्रत्येक बळीसाठी अंगावर व्रण उमटवून घेणाऱ्या माणसाकडून हे अनपेक्षित नाही, आणि आपल्या ध्येयाआड येणाऱ्या व्यक्तीचे मोल त्याच्या लेखी शून्य आहे हे त्यातून कळते. बाग जाळण्यालाही योजनेत कारण आहे. परंतु बाग जाळण्यास कचरणाऱ्या वृद्ध सेविकेला गळा धरून उचलणे मला पटकथेने मारलेली अधोरेखा वाटते. तो प्रसंग काढला तरी काहीच अडत नाही, फक्त प्रेक्षकाची सहानुभूती थोडी कमी होणे राहून जाते. याच्याशी असहमत होणाऱ्याला मी एवढेच सांगेन, की तुमचा निकष मांडा आणि तो दुसऱ्या खलनायकालाही लावून दाखवा.

पूर्वकथा किती वजनाची

पूर्वकथा कारण सांगते. त्यातून माफी आपोआप मिळत नाही. शिवाय ती नेहमी मूळचीच असते असेही नाही. १९६३ साली स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी निर्माण केलेला मॅग्नेटो सुरुवातीला सरळसोट दुष्ट होता. ज्यू नरसंहारातून वाचलेला माणूस ही त्याची ओळख ख्रिस क्लेअरमाँट यांनी १९८१ मध्ये घडवली. थॅनोसचे उलट झाले: १९९१ च्या कॉमिक्समध्ये तो मृत्युदेवीला रिझवण्यासाठी अर्धे विश्व संपवतो, चित्रपटात ते कारण बदलून टंचाईचे केले गेले. म्हणून चित्रपटातील पात्राबद्दल बोलताना कॉमिक्समधील हेतू पुरावा म्हणून आणू नये. तुलना करायची असल्यास ती तुलना आहे असे सांगून करावी. वगळलेले प्रसंग आणि दिग्दर्शकाच्या मुलाखती यांनाही मी दुय्यम स्थान देतो, कारण पडद्यावर जे नाही त्याने पडद्यावरचे खोडता येत नाही.

काही खलनायक पूर्वकथा नाकारतात, हेही ध्यानात ठेवावे. २००८ च्या ‘द डार्क नाइट’मधील जोकर आपल्या चेहऱ्यावरील व्रणांची दोन वेगळ्या माणसांना दोन वेगळ्या कहाण्या सांगतो. त्यांतली खरी कोणती, याचा शोध घेणारे चाहते पात्राच्या खेळात सापडतात. तिथे प्रश्न बदलून त्याच्या दाव्याकडे वळावे: संकटात सगळे एकमेकांना खातील असे तो म्हणतो, आणि दोन बोटींवरील लोक स्फोटाचे बटण दाबत नाहीत तेव्हा कथा त्याला खोटे पाडते. पण शहराचा आदर्श सरकारी वकील हार्वी डेंट शेवटी खुनी बनतो, तिथे तो जिंकतो. या दोन निकालांपैकी कोणता अधिक वजनाचा, यावर त्या चित्रपटाचा अर्थ अवलंबून आहे.

चित्रपटाने उत्तर दिले का

खलनायकाचा प्रश्न रास्त असेल तर तो पराभूत झाल्यावरही उरतो. ‘ब्लॅक पँथर’मध्ये टचाला वकांडाचे दरवाजे उघडतो आणि ओकलंडमध्ये मदतकेंद्र उभारायचे ठरवतो, किलमाँगरच्या प्रश्नाने नायक बदलतो. हे उत्तर अपुरे आहे असे म्हणता येईल, मलाही ते त्या प्रश्नाच्या मानाने लहान वाटते, परंतु ते दिले गेले आहे. २०१७ च्या ‘स्पायडर-मॅन : होमकमिंग’मध्ये तसे होत नाही. खलनायक टूम्सचे अ‍ॅव्हेंजर्सच्या लढाईचा ढिगारा उपसण्याचे कंत्राट सरकार आणि टोनी स्टार्क, म्हणजे ‘आयर्न मॅन’, यांच्या नव्या खात्यामुळे हातचे जाते. बलवानांनी नासधूस करायची आणि आम्ही उष्टे वेचायचे, ही त्याची तक्रार शेवटपर्यंत कुणी ऐकून घेत नाही. अर्थात त्याचे प्रशस्त घर पाहिल्यावर शस्त्रविक्री ही पोट भरण्याची लाचारी उरलेली नव्हती हेही दिसते, आणि चांगल्या विवेचनात या दोन्ही गोष्टी याव्यात.

मत मांडताना

घोषणेचे रूपांतर तपासता येईल अशा विधानात करावे. ‘किलमाँगरचे बरोबर होते’ याऐवजी ‘वकांडाच्या अलिप्ततेविषयीचा किलमाँगरचा आरोप चित्रपट स्वीकारतो, पण त्याचा साम्राज्याचा मार्ग नाकारतो’ असे लिहिले, की समोरच्याला नेमके कशाला उत्तर द्यायचे ते कळते. प्रत्येक विधानामागे किमान एक प्रसंग असावा आणि आपल्या मताला सर्वाधिक अडचणीचा प्रसंग आपणच आधी मांडावा. किलमाँगरचा अंत यासाठी उत्तम सराव आहे. टचाला त्याला वाचवण्याची तयारी दाखवतो आणि तो नकार देतो; गुलामीपेक्षा मरण बरे म्हणून जहाजांवरून उड्या घेतलेल्या पूर्वजांसोबत आपल्याला समुद्रात विसावू द्यावे, असे तो म्हणतो. काहींना त्यात स्वातंत्र्याची शेवटची निवड दिसते. बेड्यांविरुद्ध बोलणारा हा माणूस आपल्या सत्तेखालील लोकांना कोणती निवड देत होता, असे काही विचारतात. पहिला अर्थ घेणाऱ्याने बागेच्या आगीचा हिशेब द्यावा, आणि दुसरा घेणाऱ्याने ओकलंडमध्ये मागे सोडलेल्या मुलाचा.